मास्तरांची दोन शिंगांची गिटार

नव्या खोलीत सामान लावलं, दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले आणि संध्याकाळी परत आले, तर खोलीत टेबल नव्हतं. त्यावरची पुस्तकं चटईवर नीट रचून ठेवलेली, बाकी सगळं जागच्या जागी, फक्त टेबल गायब. खाली उतरले. अंगणात घरमालक उकिडवे बसले होते. माझं टेबल त्यांनी आडवं पाडलं होतं आणि कानशीनं त्याची कड घासत होते.

"काका, हे काय?"

"काल तुमी पेपर वाचत बसल्या होत्या, तवा बघितलं मी," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "बरगडी टेकवता कडेला. ही कड काय कामाची न्हाई मॅडम. वळ उठतील. थांबा जरा, होऊनच राहिलंय."

टेबल परत आलं तेव्हा त्याच्या पुढच्या बाजूला, बरोबर माझ्या पोटाशी येईल अशा जागी, एक उथळ, गुळगुळीत खोलवा होता. मी चिडले होते. पण रात्री बसून बघितलं आणि चिडणं राहून गेलं.

नांदेडच्या त्या घरात टोचणारी एकही कड नव्हती. ओट्याची फरशी घासलेली, दाराच्या चौकटी घासलेल्या, जिन्याचा कठडा हाताला लागेल तिथं गोल केलेला. पॉलिशपेपरचा एक तुकडा त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायचा. बँकेत गेले तर काउंटरवरून बोट फिरवून आतल्या माणसाला म्हणायचे, "साहेब, दिवसभर इथं मनगट टेकवून बसता. हात सुन्न होत न्हाई का?" आतला माणूस गोंधळून आपल्या मनगटाकडे बघायचा.

ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं विष्णुपुरीच्या धरणावर गेलेली. मी तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत कामाला, म्हणून ओळखीतून ही खोली मिळाली. पण गल्लीत त्यांना कोणी साहेब म्हणत नव्हतं. सगळे 'मास्तर' म्हणायचे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. ते गिटारमास्तर. त्यांची बायकोही त्यांना मास्तरच म्हणायची.

ही कडा घासायची सवय गिटारीतूनच आलेली. आणि गिटार म्हणजे कोणतीही गिटार नाही. विजेवर चालणारी, भरीव लाकडाची, वरच्या बाजूला दोन शिंगं असलेली. एक शिंग लांब, एक आखूड. जगभरात लाखो लोकांनी गळ्यात अडकवली, ती. तिच्याविषयी ते बोलायला लागले की चहा गार व्हायचा.

"अमेरिकेत एक माणूस होता," ते सुरू करायचे. "रेडिओ दुरुस्त करायचा. गिटार वाजवता येत होती का? न्हाई. अजिबात न्हाई. आधी त्यानं एक सरळ फळी बनवली. तारा लावल्या, खाली चुंबक अन् तांब्याच्या तारेचं वेटोळं, झाली गिटार. चांगली होती. पण वाजवणारे म्हणले, बाबा रे, कड टोचती. दुसरा असता तर म्हणला असता, तुमीच नीट धरा. ह्यानं काय केलं? पोटाकडची बाजू घासून काढली. हात टेकतो तिथली उतरती केली. शिंग लांब केलं, म्हंजे गळ्यात नीट तोलून राहती. ज्याला वाजवता येत नव्हतं, त्यानं ऐकून घेतलं. बस. एवढंच हाय सगळं."

मग त्या गिटारीच्या पिढ्या. पहिल्या काळातली जाड मानेची. नंतरची, हाताला जरा बारीक लागणारी. मग मूळ माणसानं कंपनी विकली, आणि नव्या मालकांनी गिटारीचं डोकं, म्हणजे खुंट्यांकडचं टोक, मोठं केलं. ह्याचा मास्तरांना वैयक्तिक राग होता. "कंपनी विकली अन् डोकं मोठं झालं," ते असं म्हणायचे, जणू गल्लीतल्याच कुणाचं तरी झालं होतं.

त्यांनी ती गिटार पहिल्यांदा पाहिली ती तरुणपणी. नांदेडला एका ऑर्केस्ट्रात हैदराबादचा एक वादक ती घेऊन आला होता. कार्यक्रमाआधी तो जेवायला बसला, तेव्हा मास्तरांनी त्याच्या परवानगीनं गिटार वर्तमानपत्रावर आडवी ठेवली आणि पेन्सिलीनं तिची कड आखून घेतली. पेपर घडी न करता, गुंडाळून, एसटीत उभ्यानं मुरुडला आणला. लातूरजवळचं मुरुड त्यांचं गाव. तिथल्या सुताराकडून शिवणीच्या लाकडात तो आकार कापून घेतला. शिवण हलकी, आवाजाला चांगली. सुतार म्हणाला, हे काय, बैलाचं तोंड का? मास्तर म्हणाले, तसंच समज.

तीच एक गिटार त्यांच्याकडे आयुष्यभर राहिली. बाहेरचा आकार तोच. आत मात्र दर काही वर्षांनी सगळं बदललेलं. तारांखालची वेटोळी ते स्वतः गुंडाळायचे. केसासारखी बारीक तार, आणि ती गुंडाळायला काकूंच्या शिलाई मशीनची मोटार.

काकू, म्हणजे त्यांच्या बायको, गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायच्या. मशीन उघडं पडलेलं दिसलं की त्या जिन्यापाशी येऊन मला हातानं खाली बोलवायच्या आणि कानाजवळ येऊन सांगायच्या, "बघा बाई. उद्या पोलकं द्यायचंय, अन् ह्यांनी मोटार काढून नेली."

कानाजवळ, कारण काकूंना आवाज नव्हता. नुसती कुजबुज होती, हवेसारखी. घरात मास्तरांना हाक मारायची तर त्या टाळी वाजवायच्या.

पूर्वी त्या गायच्या. देगलूरकडच्या. माहेरी तेलुगू कानावर पडलेली, त्यामुळे काही शब्द शेवटी जरा लांबायचे, आणि तेच लोकांना आवडायचं, असं मास्तर सांगायचे. दोघांची भीमगीतांची पार्टी होती. नोकरी सांभाळून जीपनं गावोगाव फिरायचे. उदगीर, निलंगा, अहमदपूर, किनवट. काकू गायच्या, मास्तर त्यांच्या डाव्या हाताला उभे राहून वाजवायचे. काकूंचं गाणं मी कधी ऐकलं नाही. मी तिथं राहायला जाण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या गळ्यातली गाठ काढावी लागली होती. आवाज जाऊ शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. काकूंनी होकार दिला. आवाज गेला.

त्या दिवसापासून मास्तरांनी गिटार वाजवली नव्हती.

हे कळायला मला वेळ लागला, कारण गिटार सतत त्यांच्या हातात असायची. खोलायचे, जोडायचे, तारा बदलायचे, एकेक तार छेडून बघायचे. पण गाणं नाही. काकू विचारायच्या. मी स्वतः बघितलंय. त्या मशीनवरून मान वळवून ओठांनी म्हणायच्या, "वाजवा की." आणि मास्तर म्हणायचे, "मधला आवाज बसला न्हाई अजून."

मधला आवाज म्हणजे काय, तेही त्यांनी मला सांगितलं होतं. त्या गिटारीत तारांखाली तीन जागी वेटोळी असतात आणि एक खटका असतो. खटका मागं, मधे किंवा पुढं. तीन जागा, तीन आवाज. बनवणाऱ्यानं एवढंच ठरवलं होतं. पण वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की खटका दोन जागांच्या मधेच अडकवून ठेवला तर एक चौथाच आवाज निघतो. पोकळ, पाण्यातून आल्यासारखा. लोक तिथं काडी घालून खटका अडकवायला लागले. पुढं कंपनीनं शहाणपणा करून पाच जागांचा खटकाच काढला.

"बनवणाऱ्याला सुदिक माहीत नव्हतं, तो आवाज आत हाय म्हणून," मास्तर म्हणायचे. आणि मग, "बाईचा आवाज बरोबर त्याच्यावर बसायचा."

काकूंना ते बाई म्हणायचे.

जयंतीचा महिना आला. चौकात मांडव पडला, निळे झेंडे लागले. त्या वर्षी गाण्याचा कार्यक्रम गल्लीतल्याच बहीणभावाचा होता. बहीण गाणारी, कॉलेजात शिकणारी, आवाजाला चांगली धार. भाऊ गिटार वाजवायचा, पण त्याची गिटार साधी, बाजारातली, सारखी बेसूर होणारी. तो मास्तरांकडे मागायला आला होता. मास्तरांनी त्याला ओसरीवर बसवून कंपनी विकल्याची पूर्ण हकिकत सांगितली, चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मास्तर अंगणात एका स्टुलाचे पाय घासत होते. मी पायरीवर बसले होते. काकू आधीच पुढच्या रांगेत जागा धरायला गेल्या होत्या. चौकातून माईक तपासल्याचे आवाज आले. मग ढोलकी, मग पॅड, आणि मग गिटार.

मास्तरांचा हात थांबला.

"माझी हाय ती."

"काका, चौकातली आहे. त्या पोराची."

"न्हाई. माझी हाय."

ते आत गेले. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते तसेच, अनवाणी, हाताला लाकडाचा भुगा, सरळ चौकाकडे. मी मागं धावले. काकूंनी दुपारीच गिटार ओढणीत गुंडाळून त्या बहीणभावाच्या घरी पोचवली होती, हे मला नंतर कळलं.

पोरानं मास्तरांना गर्दीतून येताना पाहिलं आणि त्याची बोटं तारांवरच थिजली. गाणं तुटलं. ढोलकीवाला दोन थापा पुढं जाऊन थांबला. मास्तर मंचावर चढले. पुढच्या रांगेत काकू प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली नाही.

"मास्तर, मावशींनी दिली," पोरगा म्हणाला. "मी मागितली न्हाई. शप्पथ."

मास्तरांनी त्याच्या गळ्यातल्या गिटारीकडे बघितलं. मग हात पुढे करून खटका हलवला. "एकदम मागं कशाला ठेवलाय? पत्र्यावानी वाजून राहिली. मधी अडकव. हं. आता वाजव."

लोक हसले, जीव भांड्यात पडल्यासारखे. पोरानं मात्र पट्टा गळ्यातून काढला. "तुमीच वाजवा, मास्तर."

टाळ्या सुरू झाल्या. जुनी माणसं नावानं ओरडायला लागली, कुणी त्यांच्या जुन्या पार्टीचं नाव घेतलं. मास्तरांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी हळूच मान हलवली. मास्तरांनी गिटार गळ्यात घातली, आणि आपोआप मुलीच्या डाव्या हाताला जाऊन उभे राहिले.

मला संगीतातलं फार कळत नाही. पण सुरुवातीचे ते काही सूर ऐकले आणि चौकातली लहान पोरंसुद्धा मंचाकडे सरकली. ज्याला ते पाण्यातून आलेला म्हणायचे, तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मुलगी गायला लागली. चांगली गात होती. पहिलं कडवं व्यवस्थित गेलं. दुसऱ्या कडव्यात मास्तर मधेच थांबले, क्षणभरच, आणि मुलगी पुढं निघून गेली. त्यांनी गाठलं. पुन्हा तिसऱ्या ओळीला थांबले. मुलगी गोंधळली, तिनं त्यांच्याकडे बघितलं. मास्तर तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांनी तारांवर तळहात ठेवला. आवाज बंद झाला. गिटार पोराच्या हातात देऊन ते मंचावरून उतरले आणि आले तसेच घराकडे गेले.

लोकांना वाटलं, वय झालं, विसरले.

घरी मी काकूंबरोबर आले. मास्तर आत पाठ करून झोपले होते. काकू ओट्याशी उभ्या राहून बराच वेळ एकच भांडं पुसत होत्या. मग माझ्या कानाजवळ आल्या.

"विसरले न्हाईत. मी जिथं दम घ्यायची ना, तिथं थांबले ते. पोरगी तिथं दम घेत न्हाई."

गिटार पोरानं दुसऱ्याच दिवशी परत आणून दिली, पण त्यानंतर किती तरी दिवस मास्तर काकूंशी बोलले नाहीत. काकू टाळी वाजवायच्या, ते यायचे, काम करायचे, जायचे. त्यांना राग गिटार दिल्याचा होता, की लोकांसमोर थांबावं लागल्याचा, कोण जाणे. काकूंनी मला एकदाच सांगितलं, "मला ऐकायचं होतं बाई. मी नसल्यावर हे लागलेच वाजवायला, तर मला काय उपयोग?"

तेव्हा मी ते बोलणं फारसं मनावर घेतलं नाही. काकूंना माहीत होतं. गळ्यातलं दुखणं परत आलं होतं आणि ह्या वेळी ते गळ्यापुरतं नव्हतं. मास्तरांना त्यांनी पावसाळ्यापर्यंत सांगितलं नाही.

दवाखान्याच्या खेपा झाल्या. डॉक्टरांनी मग घरीच न्यायला सांगितलं. ओसरीत खाट टाकली. मास्तर तिच्या लोखंडी कडांना जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळत बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते आता कंपनीची हकिकत सांगत नव्हते. औषध कुठलं, कधी द्यायचं, एवढंच बोलायचे, तेही अर्धवट.

एका रविवारी दुपारी मी पेज घेऊन खाली गेले. दारातच थबकले. मास्तर खाटेशी स्टुलावर बसले होते आणि मांडीवर गिटार होती. वायर लावलेली नव्हती. वीज नसेल तर ती गिटार म्हणजे लाकडाची भरीव फळीच. हात दोन हात अंतरावर गेलं की काही ऐकू येत नाही. मला फक्त बोटं तारांवर घासल्याची कुरकुर ऐकू येत होती.

काकूंचे ओठ हलत होते. त्या गात होत्या. आवाज नव्हता, कुजबुजही नव्हती, छाती तेवढी वरखाली होत होती. मास्तरांची नजर त्यांच्या ओठांवर. काकू थांबल्या की बोटं थांबायची. काकूंनी दम घेतला की बोटं पुन्हा सुरू. एका जागी काकूंना पुढचं आठवेना, त्यांनी कपाळाला आठी घातली, आणि मास्तरांनी मागची ओळ पुन्हा वाजवून दिली. काकू हसल्या. मग दोघं पुढं गेले.

पेजेवर साय धरली. मी तशीच उभी होते. कोणतं गाणं ते मला आजही माहीत नाही.

काकू त्याच महिन्यात गेल्या. घरी बुद्धवंदना झाली, माणसं खूप आली. देगलूरकडची, अहमदपूरची, जुन्या पार्टीतली. मास्तर प्रत्येकाला बसायला जागा करून देत होते. ते रडले नाहीत म्हणून बायका आपापसांत बोलल्या.

पुढं ते मुरुडला पुतण्याकडे राहायला गेले. नांदेडचं घर पुतण्यानं दुसऱ्याला भाड्यानं दिलं. मीही लातूरला आले. मधे दोनेक वर्षं गेली. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाहून परत येताना मी मुरुडला उतरले आणि विचारत विचारत त्यांच्या घरी पोचले.

ते दारात खुर्चीवर बसले होते. वाळलेले. मला ओळखायला वेळ लागला नाही. "मॅडम, या. बसा," म्हणाले आणि आत बघून पुतसुनेला चहा सांगितला. मी जोरात बोलत होते, कारण त्यांनी कानामागं हात धरला होता.

"स्पीकरपाशी उभं राहून राहून गेले कान," ते म्हणाले. "आधीपासूनच गेलते. मी कुणाला सांगितलं न्हाई."

मी गिटारीचं विचारलं. नांदेडच्या त्या बहीणभावाला दिली, म्हणाले. पोरानं तिला निळा रंग मारलाय. आतली वेटोळी काढून बाजारची घातलीत, पाच जागांचा खटका बसवलाय.

"तुम्हाला चाललं?" मला खरंच वाईट वाटलं होतं.

"चाललं म्हंजे? त्याच्या बहिणीचा आवाज येगळा हाय. तिच्यापरमाणं करावंच लागतं."

चहा झाला. लातूरकडची जीप स्टँडवर लागली असेल, म्हणून मी उठले. पाया पडले. ते काहीतरी बोलतील असं वाटलं म्हणून मी थांबले. त्यांनी खुर्चीचा हात धरून मला जवळ बोलावलं, जवळ म्हणजे अगदी कानाजवळ, काकू बोलवायच्या तसं.

"तुमाला एक इचारायचं होतं. तुमी असायच्या तिथं म्हणून."

"विचारा ना काका."

"ती शेवटी शेवटी लई हळू बोलायची. गाणं असलं की मला ओठावरून कळायचं, गाणी मला पाठ होती. पण गाणं नसलं की मला ऐकू यायचं न्हाई. सारखं काय म्हणली म्हणून कसं इचारायचं? एवढा जीव खाऊन बोलायची ती. म्हणून मी नुसती मान हलवून हाव म्हणायचो. ती काहीतरी म्हणायची, मी म्हणायचो हाव. पुन्हा म्हणायची, मी हाव. आखरीच्या दिवशी सकाळी लई येळ बोलली. हात धरून बोलली. मी हाव, हाव, हाव करत बसलो."

सून दारात येऊन उभी राहिली होती. ती परत आत गेली.

"तुमाला काय बोलली होती का? काय मागत होती ती?"

मी नाही म्हणाले. त्या दिवशी सकाळी मी कॉलेजला गेले होते.

"हाव," मास्तर म्हणाले. त्यांना माझं उत्तर ऐकू आलं होतं की नाही, मला कळलं नाही. मी पुन्हा सांगायला वाकले, पण त्यांचा हात हातात धरून तशीच उभी राहिले.